चमच्यानें घडविलेली अंगठी

‘पैसा हा हाताचा मळ’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. आज आला, उद्यां गेला; त्याचा लोभ धरूं नये, असा तिचा अर्थ. परंतु हाच पैसा कधीं कधीं हाताचा मळ न राहतां हाताचें भूषण होऊन बसतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या पेटींतील चांदीचे तोडे, वाळे, गोठ यांची हकीकत विचारल्यास पुष्कळ वेळां असें उत्तर मिळतें कीं, घरांतील राणीछाप रुपये सोनाराकडे दिले आणि त्यांचे दागिने करून घेतले. तो रुपया एक तोळा वजनाचा असून त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी असे. त्यामुळें असा रुपया म्हणजे वजन व कस ठरलेला चांदीचा तुकडाच होय. सोनार ते रुपये मुशींत आटवी, आणि राणीचा मुखवटा, साल, अक्षरें हीं सर्व त्या रसांत विरून जात. दागिना हातीं येई. नाणें मात्र कायमचें नाहींसें होई.

या लेखांत ज्या अंगठीची माहिती द्यावयाची आहे ती याहून निराळी. ती अमेरिकेंत घडली. तिला मूस लागली नाहीं कीं सोनार लागला नाहीं. एक चांदीचें नाणें, एक पोलादी चमचा आणि पुष्कळसा रिकामा वेळ एवढ्या सामग्रीवर ती तयार झाली, आणि नाण्यावरील कांहीं अक्षरें तिच्या आंतल्या अंगास तशींच राहिलीं. अशा अंगठ्या आज अमेरिकेंत जुन्या बागा, पोहण्याच्या जागा, समुद्रकिनारे आणि जुन्या घरांचीं अंगणें येथील मातींतून सांपडतात. सुटीच्या दिवशीं हातांत धातुशोधक यंत्र घेऊन हिंडण्याचा छंद तेथें पुष्कळांस आहे, आणि त्यांनाच बहुधा त्या मिळतात. ही अंगठी कशी घडली, ती कशी सांपडते, आणि सांपडल्यावर ती आपणांस काय सांगते, हें आपण क्रमानें पाहूं.

प्रथम नाण्याचा विचार करूं. सन १८३७ पासून १९६४ पर्यंत अमेरिकेंतील डाइम, क्वार्टर व अर्धा डॉलर हीं नाणीं शेंकडा ९० भाग चांदी व १० भाग तांबें या मिश्रणाचीं असत. क्वार्टर म्हणजे डॉलरचा चौथा हिस्सा, अर्थात् २५ सेंट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं त्याचें वजन ६.२५ ग्रॅम व व्यास २४.३ मिलिमीटर असे. अर्ध्या डॉलरचें वजन १२.५ ग्रॅम व व्यास ३०.६ मिलिमीटर असे. शुद्ध चांदी फार मऊ असते. तांब्याची भर घातल्यानें तिला टणकपणा येतो, तथापि पोलादापुढें तें मिश्रण नमतेंच. पुढें चांदीची टंचाई भासूं लागल्यामुळें जुलै १९६५ मध्यें नवा कायदा होऊन डाइम व क्वार्टर यांतील चांदी अजिबात काढून टाकण्यांत आली. अर्ध्या डॉलरांत ती शेंकडा ४० या प्रमाणांत १९७० पर्यंत राहिली. नव्या क्वार्टरची कड निरखून पाहिली तर मध्यें तांब्याची तांबूस रेघ दिसते. जुन्या क्वार्टरची कड सबंध पांढरी असते. मुलांनीं एवढी एक खूण ध्यानांत ठेविली तरी जुनें व नवें नाणें त्यांस सहज ओळखतां येईल.

आतां कारागीर कोण तें पाहूं. डिसेंबर १९४१ मध्यें अमेरिका दुसऱ्या महायुद्धांत उतरली आणि लाखों तरुण घरांपासून हजारों कोस दूर गेले. युद्ध म्हणजे अहोरात्र तोफांचा भडिमार, अशी आपली समजूत असते. वास्तविक सैनिकाचा पुष्कळसा काळ वाट पाहण्यांत जातो: जहाजावर, छावणींत, रुग्णालयांत. अशा वेळीं हात रिकामे राहूं नयेत व मनानें उगीच काळजी करीत बसूं नये, म्हणून कोणी लांकूड कोरी, कोणी पत्रें लिही, आणि कोणी खिशांतील नाणें व जेवणाचा चमचा घेऊन ठोकीत बसे. १९४२ सालीं अमेरिकन सैन्यांतील अगदीं साध्या शिपायाचा पगार महिना ५० डॉलर ठरला होता. म्हणजे अर्ध्या डॉलरची अंगठी करणारा शिपाई आपल्या महिन्याच्या पगाराचा शंभरावा हिस्सा तींत घालीत असे. हा खर्च फार नव्हे, तरी अगदींच क्षुल्लकही नव्हे.

कृति पाहूं गेलें तर सोपी, पण चिकाटीची परीक्षा घेणारी आहे. नाणें एखाद्या कठीण लोखंडी पृष्ठावर कडेवर उभें धरावयाचें आणि चमच्याच्या पाठीनें त्याच्या कडेवर हलके ठोके द्यावयाचे. प्रत्येक ठोक्यानंतर नाणें किंचित् फिरवावयाचें, म्हणजे सबंध कड सारखी ठोकली जाते. नाण्याच्या कडेवर ज्या बारीक उभ्या खांचा असतात त्या प्रथम बुजतात. क्वार्टरवर अशा ११९ खांचा असतात. नंतर कड हळूहळू दोहों बाजूंस पसरूं लागते. यामागील नियम साधा आहे. ठोकल्यानें धातु नाहींसा होत नाहीं. तो एका दिशेनें दबतो व दुसऱ्या दिशेनें सरकतो. त्यामुळें नाण्याचा व्यास कमी होत जातो आणि कडेची रुंदी वाढत जाते. पावणेदोन मिलिमीटर जाडीची क्वार्टरची कड कित्येक तासांच्या, कधीं कित्येक दिवसांच्या ठोकण्यानंतर अंगठीच्या पट्टीएवढी रुंद होते. त्या वेळीं नाण्याचें रूप मधोमध पडदा ताणलेल्या लहानशा चाकासारखें दिसतें. मग त्या पडद्यास छिद्र पाडून तें कानशीनें अगर चाकूनें वाढवीत न्यावयाचें, आणि बोटाच्या मापास आल्यावर घासून गुळगुळीत करावयाचें, कीं अंगठी तयार झाली.

येथें कोणी विचारील कीं, चमच्याऐवजीं हातोडा घेतला तर काम लौकर होणार नाहीं काय? लौकर होईल, पण बिघडेलही. जड हातोड्याच्या घावानें सबंध नाणेंच वांकतें किंवा कड एका जागीं चेपते. हलक्या चमच्याचा घाव कडेच्या वरच्या थरापुरताच पोंचतो, म्हणून धातु सर्वत्र सारखा सरकतो. जें काम हलक्या हातानें व पुष्कळ वेळ करावें लागतें, तें जोर करून उरकतां येत नाहीं, हें या ठिकाणीं अगदीं डोळ्यांनीं दिसतें.

या रीतीचा एक सुंदर परिणाम असा कीं, कड दोहों बाजूंस पसरून आंत वळतांना नाण्याच्या कडेलगतचीं अक्षरें अंगठीच्या आंतल्या अंगास येतात. १९३२ पासूनच्या चांदीच्या क्वार्टरवर एका बाजूस जॉर्ज वॉशिंग्टन यांचें मस्तक असून वर कडेलगत ‘लिबर्टी’ म्हणजे ‘स्वातंत्र्य’ हा शब्द व खालीं कडेलगत साल असे. दुसऱ्या बाजूस गरुड असून वर ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ व खालीं ‘क्वार्टर डॉलर’ हीं अक्षरें असत. मधला भाग कापला गेल्यानें मस्तक व गरुड दोन्हीही जातात. कडेचीं अक्षरें राहतात, तींही बाहेरच्या जगास न दिसतां बोटाच्या कातडीस लागून.

नाण्यास असें खासगी रूप देण्याची हौस अमेरिकेंत युद्धापूर्वींही होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नाण्याची एक बाजू घासून सपाट करून तीवर प्रिय माणसाच्या नांवाचीं आद्याक्षरें कोरून देण्याची चाल तेथें फार लोकप्रिय होती. डाइमसारखीं लहान नाणीं त्या कामीं विशेष वापरीत. नैऋत्य भागांतील नाव्हाहो जातीचे कुशल कारागीर त्याच शतकांत अमेरिकन व मेक्सिकन रुप्याचीं नाणीं घेऊन त्यांचे दागिने घडवूं लागले, आणि त्यांची ती कला आजही जिवंत आहे. फसवणुकीच्या हेतूनें नाण्यांत फेरफार करणें हा अमेरिकेंत गुन्हा आहे. अंगठी करणारा कोणास फसवीत नाहीं, म्हणून त्यास त्या कायद्याची बाधा येत नाहीं. आपल्या देशांत मात्र चालू नाणें वितळविणें वा नासणें यास २०११ च्या नाणेविषयक कायद्यानें मनाई आहे. तेव्हां हा लेख वाचून विद्यार्थ्यांनीं घरांतील नाण्यांवर चमचा चालवूं नये!

आतां शोधण्याच्या यंत्राकडे वळूं. त्याची कथाही चमत्कारिक आहे. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. शरीरांत राहिलेली गोळी कोठें आहे हें कळेना, तेव्हां टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं तारेच्या वेटोळ्यांचें एक यंत्र तयार करून ती शोधण्याचा यत्न केला. तो यत्न फसला. बिछान्यांतील पोलादी स्प्रिंगा हें त्याचें एक कारण सांगतात. १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्षांचें देहावसान झालें. पुढें जर्मनींतून कॅलिफोर्नियांत येऊन राहिलेले गेरहार्ड फिशर यांस १९३७ सालीं धातुशोधक यंत्राचें पेटंट मिळालें. दुसऱ्या महायुद्धांत पोलंडचे अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनीं ब्रिटनमध्यें असतांना जमिनींत पुरलेले सुरुंग हुडकण्याचें, एका माणसास हातांत धरून चालतां येईल असें यंत्र सिद्ध केलें, आणि १९४२ च्या शरद् ऋतूंत एल् अलामेनच्या रणांगणावर त्याचा मोठा उपयोग झाला. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याचीं उरलेलीं सुरुंगशोधक यंत्रें विकण्यांत आलीं, आणि हौशी लोकांनीं तीं घेऊन नाणीं व दागिने शोधण्यास आरंभ केला. ज्या युद्धानें शिपायांस चमचा घेऊन अंगठ्या घडविण्यास लाविलें, त्याच युद्धानें त्या अंगठ्या पुढें सांपडाव्या याचेंही साधन अशा रीतीनें लोकांच्या हातीं दिलें.

या यंत्राचें तत्त्व शाळेंतील विद्यार्थ्यांस समजण्याजोगें आहे. यंत्राच्या तळाशीं तारेचें वेटोळें असतें. त्यांतून सारखा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. तें क्षेत्र जमिनींतील धातूवर पडलें कीं, फॅरडे यांनीं १८३१ सालीं शोधून काढलेल्या नियमाप्रमाणें त्या धातूंत पाण्यांतील भोंवऱ्यांसारखे वाटोळे फिरणारे प्रवाह उत्पन्न होतात. हे प्रवाह आपलें स्वतःचें लहानसें चुंबकीय क्षेत्र निर्माण करितात. यंत्र तें ओळखतें व कानांत सूर उमटवितें. याचा पडताळा शाळेंतच पाहावयाचा असल्यास तांब्याच्या उभ्या नळींतून एक जोरदार लोहचुंबक सोडून पाहावा. तांबें चुंबकाकडे ओढलें जात नाहीं, तरीही चुंबक नळींतून अगदीं सावकाश खालीं उतरतो; कारण नळींत तेच भोंवरे उत्पन्न होऊन त्यास अडवितात.

सर्व धातूंत चांदी ही विजेची सर्वांत उत्तम वाहक आहे, म्हणून चांदीचा सूर स्पष्ट व ओळखीचा असतो. शिवाय अखंड अंगठी म्हणजे मिटलेलें वेटोळेंच. तींत प्रवाह विनाअडथळा फिरतो. तीच अंगठी एके जागीं तुटलेली असेल तर प्रवाहाची वाट खुंटते आणि सूर फार क्षीण होतो. म्हणून कोणी असें समजूं नये कीं, यंत्र फिरविलें कीं चांदी निघाली. नाण्याएवढी वस्तु साधारणपणें वीतभर खोलीपर्यंतच उमगते, आणि दर अंगठीमागें शेंकडों खिळे, बाटल्यांचीं बुचें व डब्यांच्या ॲल्युमिनमच्या कड्या खणून काढाव्या लागतात. शोधणाऱ्यालाही चिकाटी लागते, ती घडविणाऱ्याहून फारशी कमी नव्हे.

अंगठ्या हरवतात त्या बहुधा थंड पाण्यांत. पाण्यानें बोट आकसतें, अंगठी सैल होते आणि पोहणाऱ्याच्या नकळत गळून पडते. चेंडू खेळतांना, बागेंत माती उकरतांना, सहलीच्या गर्दींतही त्या पडतात. लोखंड ओल्या मातींत गंजून जातें. चांदीचा प्राणवायूशीं सहसा संयोग होत नसल्यामुळें ती टिकते. गंधकाच्या संसर्गानें मात्र ती काळी पडते. म्हणून सांपडलेली अंगठी साध्या पाण्यांत भिजवून मऊ बोटांनीं माती काढावी. आपल्याकडे भांडीं घासतात त्याप्रमाणें राखेनें घासूं नये. घासल्यानें अंगठी चकाकेल, परंतु जीं अक्षरें तिच्याविषयीं बोलणार तींच पुसलीं जातील.

आतां ती अक्षरें काय बोलतात तें पाहूं. समजा, भिंग लावल्यावर आंत ‘लिबर्टी’ हा शब्द व १९४३ हें साल दिसलें. यावरून अंगठी १९४३ च्या आधीं घडलेली नाहीं एवढें निश्चित ठरतें. त्यानंतर किती वर्षांनीं घडली, हें साल सांगत नाहीं. आजचाही एखादा हौशी मनुष्य जुनें नाणें घेऊन अंगठी करूं शकतो. म्हणून दुसरे पुरावे जुळवावे लागतात. पट्टीस सांधा नसेल, बाहेरचें अंग गुळगुळीत व अक्षरें आंत असतील, तर ती ठोकून केलेली असावी. हल्लीं प्रचारांत असलेल्या दुसऱ्या रीतींत नाण्यास आधीं मध्यें छिद्र पाडून तें निमुळत्या पोलादी दांड्यावर दुमडतात, आणि त्यामुळें अक्षरें बाहेरच्या अंगास दिसतात. तसेंच शेजारीं त्याच थरांत कोणतीं नाणीं निघालीं, तेथें पूर्वीं काय होतें, याचाही विचार करावा लागतो. इतिहासाचा अभ्यास मोठ्या शिलालेखांवरूनच होतो असें नाहीं. बोटाएवढ्या वस्तूवरूनही तो शिकतां येतो, मात्र पुराव्यापलीकडे एक पाऊलही टाकूं नये.

अशा अंगठीचा मोठा शत्रु म्हणजे तराजू. एका क्वार्टरमध्यें ५.६२५ ग्रॅम शुद्ध चांदी असे. जानेवारी १९८० मध्यें चांदीचा भाव औंसाला जवळजवळ ५० डॉलरपर्यंत चढला, तेव्हां २५ सेंटांच्या त्या नाण्यांतील धातूच सुमारें ९ डॉलरांचा झाला. त्या लाटेंत चांदीचीं नाणीं, भांडीं व दागिने अमेरिकेंत ढिगानें आटविले गेले. थोड्याच महिन्यांत भाव कोसळला. पण जें मुशींत गेलें तें परत आलें नाहीं. आटविलेल्या चांदीची लगड दुसऱ्या कोणत्याही लगडीसारखीच असते. कोणी तरुणानें घराची आठवण काढीत दिलेले हजारों ठोके त्या लगडींत कोणासही सांपडावयाचे नाहींत. अंगठीची किंमत तराजू सांगतो. तिचें मोल त्यास सांगतां येत नाहीं.

म्हणून सांपडविणाऱ्याचीं कांहीं कर्तव्यें आहेत. दुसऱ्याच्या जमिनींत परवानगीवांचून खणूं नये. खणलेला खड्डा बुजवावा. वस्तु कोठें, किती खोल, कोणत्या दिवशीं मिळाली हें लिहून ठेवावें. आंत आद्याक्षरें कोरलेलीं असल्यास मालकाचा किंवा त्याच्या वारसांचा शोध करावा. अमेरिकेंत राष्ट्रीय उद्यानांतून असा शोध करण्यास बंदी आहे, आणि १९७९ च्या कायद्यानें सरकारी जमिनींतील शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तूंस संरक्षण दिलें आहे. आपल्या देशांत १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनींत दडलेलें, दहा रुपयांहून अधिक किमतीचें धन ज्यास सांपडेल त्यानें कलेक्टरास लेखी वर्दी दिली पाहिजे, असें तो सांगतो. शेत नांगरतांना अगर पाया खणतांना कांहीं हातीं लागल्यास पालकांनींही ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

शेवटीं एक विनंती. मातींतून निघालेली अंगठी पुष्कळ गोष्टी सांगते: देश, धातु, साल, घडविण्याची रीत. परंतु शोधणाऱ्यास सर्वांत अधिक ज्याची उत्सुकता असते, तें ती सांगत नाहीं. ती कोणी घडविली, आणि कोणाच्या बोटासाठीं? धातु टिकतो, आठवण मात्र कोणी सांगितली व लिहिली तरच टिकते. आपल्या घरीं आजीच्या पेटींत राणीछाप रुपयांचे केलेले वाळे अगर तोडे असतील, तर या सुटींत तिच्याजवळ बसून विचारावें: हे कोणी दिले, केव्हां केले, कोणाच्या लग्नांत घातले? तिचें उत्तर एका चिठीवर तारखेसह लिहून ती चिठी त्याच पेटींत ठेवावी. या कामास यंत्र लागत नाहीं. आजी सांगावयास आहे तोंवर तें उरकून मात्र घेतलें पाहिजे.